मेटलसाठी पहिली गिटार: आधी ट्यूनिंग ठरवा, मग दुकानात जा

प्रश्न: मी हेवी मेटल भरपूर ऐकतो आणि आता इलेक्ट्रिक गिटार शिकायची असं ठरवलं आहे. ओळखीतले लोक म्हणतात, आधी वर्षभर अकूस्टिक वाजव. मला एक व्ही आकाराची, फ्लॉइड रोझ ब्रिज असलेली गिटार फार आवडली आहे. कोणी सांगतं, मेटल वाजवायचं तर सात तारांचीच घे. माझे हात लहान आहेत, घरात मोठा आवाज चालणार नाही. आणि मुख्य अडचण अशी की मला काहीच वाजवता येत नसताना दुकानात गिटार तपासायची तरी कशी?

उत्तर: अकूस्टिकचा मुद्दा आधी निकालात काढू. मेटल वाजवायचं असेल तर इलेक्ट्रिकनेच सुरुवात करा. अकूस्टिकवर साधारणपणे १२ ते ५३ जाडीच्या तारा असतात, इलेक्ट्रिकवर ९ ते ४२ किंवा १० ते ४६. हे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात असतात. अकूस्टिकवर बोटं घट्ट होतील हे खरं, पण मेटलमधलं खरं कौशल्य, म्हणजे उजव्या तळव्याची कड ब्रिजपाशी (बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे) टेकवून केलेला पाम म्यूट आणि जी तार वाजवायची नाही ती गप्प ठेवणं, हे डिस्टॉर्शन (मेटलचा तो फाटका, खरखरीत आवाज) लावल्याशिवाय कळतच नाही. अकूस्टिकवर दबून जाणारी प्रत्येक चूक डिस्टॉर्शनमध्ये ओरडून बाहेर येते. ती ऐकायची सवय पहिल्या आठवड्यापासून लागलेली बरी.

आता गिटारकडे. बहुतेक जण आकार आणि रंगापासून सुरुवात करतात. तुम्ही ट्यूनिंगपासून करा, कारण बाकीचे निर्णय त्याच्यामागोमाग येतात. तुम्हाला सगळ्यात जास्त वाजवावेसे वाटणारे पाच बँड कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर त्यांचं नेहमीचं ट्यूनिंग टिपा. गाण्यांच्या टॅबमध्ये (कोणती तार कुठे दाबायची हे आकड्यांत लिहिलेल्या पानावर) वरच ते दिलेलं असतं. ऐंशीच्या दशकातलं थ्रॅश बरंचसं ई स्टँडर्डमध्ये (नेहमीचं ट्यूनिंग, सगळ्यात जाड तार ई वर) किंवा त्याहून अर्धा सूर खाली सापडेल. नंतरच्या मेटलमध्ये ड्रॉप डी, ड्रॉप सी, सी स्टँडर्ड, बी स्टँडर्ड असं खाली खाली जाणारं चित्र दिसेल. ‘स्टँडर्ड’ म्हणजे सगळ्या तारा सारख्याच खाली, ‘ड्रॉप’ म्हणजे त्यातही जाड तार आणखी एक सूर खाली.

ट्यूनिंग खाली नेलं की तारेचा ताण कमी होतो, आणि तो सुराच्या कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो. सगळ्यात जाड तार ई वर असते तेव्हा ती सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते. तीच डी वर नेली की ७३, सी वर ६५, बी वर ६२. म्हणजे तीच तार डी वर नेली तर ताण साधारण २० टक्क्यांनी उतरतो, सी वर नेली तर ३७ टक्क्यांनी आणि बी वर ४४ टक्क्यांनी. मग तार लोंबते, फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खडखडते, आणि जोरात पिक (तार छेडायची चकती) मारला की सूर क्षणभर वर जाऊन खाली येतो. ड्रॉप सी मध्ये रिफ (गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) वाजवताना ‘ही गिटारच बेसूर आहे’ असं वाटतं, त्यामागे बहुतेक वेळा हेच कारण असतं.

यावर उपाय दोन: जाड तार किंवा लांब स्केल. स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत तारेचा कंप पावणारा भाग. गिब्सन घराण्यातल्या गिटारांचा तो साधारण २४.७५ इंच असतो, फेंडर आणि बहुतेक मेटल गिटारांचा २५.५ इंच. या पाऊण इंचाबद्दल फार बोललं जातं, पण त्याने ताण वाढतो जेमतेम ६ टक्के. उलट सर्वात जाड तार ४६ ची काढून ५२ ची लावली तर ताण साधारण पाव पटीने वाढतो, आणि ५६ ची लावली तर ड्रॉप सी मध्येही ती जवळजवळ ई स्टँडर्डइतकी घट्ट लागते. म्हणून आमचं सांगणं असं: २५.५ इंची मिळाली तर उत्तम, पण २४.७५ ची गिटार हातात छान बसत असेल तर केवळ स्केलसाठी ती सोडू नका. खालचं ट्यूनिंग मुख्यतः तारांच्या पाकिटावर सांभाळलं जातं. ई स्टँडर्ड आणि ड्रॉप डी साठी १० ते ४६, डी स्टँडर्ड किंवा ड्रॉप डी जरा घट्ट हवा असेल तर १० ते ५२, सी च्या आसपास ११ ते ५६ हा पाया धरा.

सात तारांच्या गिटारचं उत्तरही यातच आहे. ब्लॅक सॅबथ या बँडचा गिटारवादक टोनी आयोमी डावखुरा. कारखान्यातल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली, म्हणजे नेमकी फ्रेटवर दाबायची बोटं. तारांचा ताण बोटांना सोसावा म्हणून त्याने पुढे हलक्या तारा लावून ट्यूनिंग दीड सूर खाली, सी शार्पवर नेलं. १९७१ चा तो जाडजूड आवाज सहा तारांच्या, २४.७५ इंची गिब्सन एसजी गिटारवरचा आहे. जडपणासाठी सातवी तार लागत नाही. तुमच्या यादीतल्या पाचपैकी तीन-चार बँड खरोखरच सात किंवा आठ तारांवर वाजवत असतील तरच तिचा विचार करा. नाहीतर रुंद नेक, गप्प ठेवायला एक तार जास्त, आणि शिकण्याचं जवळपास सगळं साहित्य सहा तारांसाठी, एवढं ओझं पहिल्याच दिवशी अंगावर घेण्याचं कारण नाही.

फ्लॉइड रोझबद्दल मात्र आम्ही ठाम आहोत: पहिल्या गिटारवर नको. हा ब्रिज एका बाजूने तारांच्या ओढीवर आणि दुसऱ्या बाजूने मागच्या स्प्रिंगांच्या ओढीवर तोललेला असतो. एका तारेचा ताण बदलला की तोल बदलतो आणि उरलेल्या पाचही तारा सुरातून जातात. साधा ड्रॉप डी करायचा तर नटवरचे क्लॅम्प अ‍ॅलन कीने सोडवा, जाड तार उतरवा, ती उतरवल्यामुळे बाकीच्या चढलेल्या तारा परत सुरात आणा, मग पहिली पुन्हा बिघडलेली असते, आणि असे तीन-चार फेरे होतात. जाडी बदललेल्या तारा लावल्या तर स्प्रिंगांचे स्क्रूही फिरवावे लागतात. वाजवताना एक तार तुटली तर सगळी गिटार बेसूर. स्वस्त गिटारांवरच्या नकलांमध्ये आणखी एक दुखणं असतं. ब्रिज ज्या धारेवर झुलतो तिचा धातू मऊ असतो, ती धार झिजते आणि बार (ब्रिज हलवून सूर वरखाली करायचा दांडा) सोडल्यावर ब्रिज मूळ जागी परतत नाही. चांगल्या प्रतीचा फ्लॉइड रोझ हे सुंदर यंत्र आहे, पण ट्यूनिंग, अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) आणि स्प्रिंग यांची समज आल्यावर घेण्याचं.

तुम्हाला हवा तो स्थिर ब्रिज. त्यात दोन जाती भेटतील. एक हार्डटेल, ज्यात तारा बऱ्याचदा बॉडीच्या मागून आत जातात. दुसरी ट्यून-ओ-मॅटिक, ज्यात पुढे खाचांचा पूल आणि मागे तारा अडकवायची आडवी पट्टी असते. दोन्ही चालतील. एखादी गिटार इतर सगळ्या बाबतींत पसंत पडली आणि तिला साधा व्हायब्रेटो (दांड्याने हलणारा) ब्रिज असला, तर मागच्या स्प्रिंगा घट्ट करून तो बॉडीवर टेकवून ठेवता येतो, किंवा मागच्या खाचेत ब्लॉकशेजारी मापाचा लाकडी ठोकळा बसवून अचल करता येतो.

पिकअपमध्ये (तारांची कंपनं विजेत बदलणारे, चुंबक आणि कॉइलचे भाग) एकच अट: ब्रिजपाशी हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप हवा. सिंगल कॉइल पिकअप भोवतालच्या विजेची गुणगुण पकडतो, आणि मेटलसाठी गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) वाढवला की ती गुणगुणही तितकीच वाढते. हंबकरमध्ये दोन कॉइल उलट वेटोळ्यांच्या आणि उलट चुंबकध्रुवांच्या असतात, त्यामुळे तारेचा आवाज जुळतो आणि गुणगुण एकमेकीला छेदते. १९५५ मध्ये सेथ लव्हरने गिब्सनसाठी हे तयार केलं ते स्वच्छ आवाजासाठी, मेटलचा तेव्हा पत्ताही नव्हता. मधले आणि नेकपाशी असलेले पिकअप सिंगल कॉइल असले तरी हरकत नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप आधीच बसवलेले असतील तर घ्या, पण त्यासाठी अडून बसू नका. ते घेतले तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, कारण जॅकमध्ये केबल असेपर्यंत बॅटरी उतरत राहते. पिकअप, ट्यूनिंगच्या खुंट्या, नट हे सगळं पुढे बदलता येतं. नेक आणि फ्रेट बदलणं परवडत नाही, म्हणून पैसे आणि लक्ष तिथे घाला.

लहान हातांची काळजी जवळजवळ सोडून द्या. २५.५ इंची गिटारवर पहिला फ्रेट नटपासून सुमारे ३६.४ मिलिमीटरवर असतो, २४.७५ वर ३५.३ मिलिमीटरवर. फरक एक मिलिमीटर. पॉवर कॉर्डमध्ये (मेटलमधला दोन सुरांचा मूळ कॉर्ड) पहिलं आणि तिसरं बोट तीन फ्रेटच्या पट्ट्यात बसवायचं असतं, ते जमायला अंगठा नेकच्या पाठीमागे मधोमध घेणं आणि मनगट सरळ ठेवणं जास्त उपयोगी पडतं. हाताला खरंच जाणवतो तो नेकचा जाडपणा. पातळ नेकची गिटार आणि गोलसर जाड नेकची गिटार पाठोपाठ हातात धरा, पाच मिनिटांत तुमची पसंती कळेल.

व्ही आकार सुंदर दिसतो, यात वाद नाही. पण बसून वाजवताना ती मांडीवरून घसरते. तिची खाच उजव्या मांडीवर अडकवून, नेक जरा वर उचलून बसावं लागतं. तुम्ही पहिली दोन-तीन वर्षं बहुतेक वेळ बसूनच सराव करणार आहात. तरीही तीच हवी असेल तर घ्या, कारण जी गिटार हातात घ्यावीशी वाटते तीच रोज वाजवली जाते. फक्त स्थिर ब्रिजची घ्या आणि दुकानात अर्धा तास बसून बघा. आकाराचा हट्ट नसेल तर सुपरस्ट्रॅट (फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या वळणाच्या, मेटलला साजेशा गिटारांच्या) घराण्यात शोधा: इबानेझ जिओ मालिकेतली जीआरजी१२१डीएक्स, जॅक्सनची स्थिर ब्रिजची डिंकी, शेक्टरची ओमेन-६. लेस पॉलच्या वळणाची आवडत असेल तर ईएसपी एलटीडीची ईसी मालिका. नाव वाचून थांबू नका, ब्रिज कोणता हे प्रत्येक वेळी तपासा. एकाच मालिकेत दोन्ही प्रकार विकले जातात. इबानेझचीच जीआरजी१७०डीएक्स व्हायब्रेटोसह येते.

आता दुकानातली तपासणी. यासाठी गाणं वाजवता यायची गरज नाही. क्लिपवाला ट्यूनर, मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी आणि अर्धा तास एवढं घेऊन जा. विकणाऱ्याला गिटार ट्यून करायला सांगा आणि मग एकेक गोष्ट बघा.

जाड तार पहिल्या फ्रेटवर एका हाताने आणि नेक बॉडीला मिळतो तिथल्या फ्रेटवर दुसऱ्या हाताने दाबा. ताणलेली तार ही तुमची सरळ पट्टी. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांत एक-दोन साध्या कागदांच्या जाडीएवढी फट दिसायला हवी. अजिबात फट नसेल तर नेक सपाट किंवा मागे वाकलेला आहे, खूप असेल तर पुढे. दोन्ही ट्रस रॉडने (नेकच्या आतली, बाक सुधारायची सळई) दुरुस्त होतं, पण ते रॉड फिरवून तिथेच दाखवायला सांगा. शेवटपर्यंत आवळलेला रॉड असलेली गिटार घेऊ नका. मग गिटार डोळ्यापाशी धरून हेडस्टॉककडून (खुंट्या असलेल्या टोकाकडून) ब्रिजकडे बघा. नेकच्या दोन्ही कडा समांतर दिसायला हव्यात. एक कड पिळवटलेली दिसली तर गिटार परत ठेवा, त्यावर स्वस्त इलाज नाही.

बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजा: जाड तारेखाली २ मिलिमीटरच्या आसपास, पातळ तारेखाली दीड. यालाच अ‍ॅक्शन म्हणतात. जास्त असेल तर ब्रिजवरून खाली आणता येते.

त्यानंतरचं काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात मोलाचं. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून एकदा छेडा. चोवीस फ्रेटची गिटार असेल तर १४४ सूर होतात, दहा मिनिटं लागतात. प्रत्येक सूर दोन-तीन सेकंद टिकायला हवा. एखाद्या ठिकाणी सूर लगेच मरतो, किंवा शेजारच्या दोन फ्रेटवर एकच सूर येतो, तेव्हा पुढचा फ्रेट वर उठलेला असतो. अशी एखादी जागा असेल तर कारागीर ती घासून नीट करू शकतो. चार-पाच असतील तर दुसरी गिटार मागा. अ‍ॅम्पशिवाय ऐकू येणारी हलकी खडखड चालते, पण अ‍ॅम्पमधून ती ऐकू येता कामा नये. जाता जाता तळवा नेकच्या कडेने वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं बोचली तर रोज बोचतील.

इन्टोनेशन (नेकवर वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागतो का हे) बघायला बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला हलका स्पर्श करून हार्मॉनिक काढा, मग तिथेच तार दाबून वाजवा. ट्यूनरवर दोन्ही एकच दिसायला हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार ज्यावर टेकते तो तुकडा) मागे न्यावं लागतं, उतरता असेल तर पुढे. यात बिघाड असणं नेहमीचंच. फक्त सॅडलला सरकायला जागा शिल्लक आहे ना ते बघा. नट तपासायला तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा. पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट असावी. जास्त असेल तर खाच उथळ आहे, आणि पहिल्या फ्रेटजवळचे कॉर्ड कायम चढे लागतील. तार ट्यून करताना नटपाशी ‘टिंग’ असा आवाज आला तर ती खाचेत अडकते आहे. पेन्सिलीचं शिसं घासून बहुधा भागतं.

शेवटी अ‍ॅम्प लावून सगळी बटणं फिरवा, स्विच हलवा, जॅकपाशी केबल हळूच डुलवा. बटणाची खरखर स्प्रेने जाते. जॅकमध्ये आवाज तुटत असेल तर तो विकत घेण्याआधी दुरुस्त करून मागा. पट्टा लावून उभे राहा आणि डावा हात सोडा. नेक जमिनीकडे झुकत असेल तर डाव्या हाताला सतत तो तोलून धरावा लागेल. वापरलेली गिटार घेत असाल तर हेडस्टॉकच्या मागे, नेक जिथे वळतो तिथे, नखाने चाचपून भेग शोधा, आणि पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली किती खोल खड्डे पडलेत ते बघा.

बजेटचे दहा भाग करा. सहा गिटारला, तीन अ‍ॅम्पला, एक सेटअप (कारागिराकडून नेक, तारांची उंची वगैरे जुळवून घेणं) आणि किरकोळ सामानाला. सगळे दहा गिटारवर उधळून अ‍ॅम्प ‘नंतर बघू’ म्हणणं ही मेटल शिकणाऱ्यांची नेहमीची फसगत, कारण कानावर पडणारा मेटलचा आवाज मोठ्या प्रमाणात अ‍ॅम्पमधून येतो. गिटारसोबत पाकिटात मिळणारे चिमुकले अ‍ॅम्प टाळा. त्यांचा डिस्टॉर्शन लहानशा स्पीकरवर मधमाश्यांसारखा भुणभुणतो. घरात आवाज चालत नसेल तर हेडफोनची सोय असलेला मॉडेलिंग अ‍ॅम्प (वेगवेगळ्या अ‍ॅम्पचे आवाज साकारणारा) घ्या. बॉस कटाना, यामाहा टीएचआर, पॉझिटिव्ह ग्रिड स्पार्क, ब्लॅकस्टार आयडी कोअर यांपैकी कोणताही चालेल. हेडफोन मात्र तारेचा हवा. ब्लूटूथ हेडफोनवर सूर उशिरा पोहोचतो आणि त्यावर ताल धरणं अशक्य होतं.

चांगला संगणक असेल तर ऑडिओ इंटरफेस (गिटार संगणकाला जोडायचं यंत्र) आणि अ‍ॅम्पचं सॉफ्टवेअर हा मार्ग जास्त किफायतशीर. न्यूरल अ‍ॅम्प मॉडेलर फुकट मिळतं आणि त्याचा आवाज उत्तम आहे. केबल इंटरफेसच्या ‘इन्स्ट्रुमेंट’ लिहिलेल्या इनपुटमध्येच लावा, नाहीतर आवाज निस्तेज येतो. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका आणि बफर १२८ सॅम्पलवर ठेवा. ४८ किलोहर्ट्झला हा उशीर तीन मिलिसेकंदांपेक्षाही कमी होतो. जाण्या-येण्याचा एकूण उशीर दहाच्या आसपास राहिला तर बोटांना कळत नाही. मध्येच आवाज तडतडला तर बफर २५६ करा.

गेन बटणाच्या मध्यावरून सुरू करा. पूर्ण वाढवलेला गेन तुमच्या चुकांवर पांघरूण घालतो आणि रिफमधली प्रत्येक चोट एकमेकीत मिसळून टाकतो. मिड्स (अ‍ॅम्पवरचं मधल्या पट्टीच्या सुरांचं बटण) शून्यावर नेऊ नका. एकट्याने ऐकताना ते भारी वाटतं, पण ड्रम आणि बेससोबत वाजवलं की गिटार गायब होते. नॉइज गेट लावा, पण एवढाच की हात थांबल्यावर शांतता यावी. जास्त लावला तर लांब सूर मध्येच कापला जातो.

गिटार घरी आणल्यावर कारागिराकडून एकदा सेटअप करून घ्या, आणि तो कोणत्या तारा व कोणत्या ट्यूनिंगसाठी हवा हे आधी सांगा. दोन्ही न सांगता केलेला सेटअप ट्यूनिंग बदललं की वाया जातो. ५२ किंवा ५६ ची तार लावणार असाल तर नटची खाच रुंद करावी लागेल, हेही त्याच वेळी उरकून घ्या. पहिले काही महिने ई स्टँडर्डमध्ये राहा, कारण धडे त्याच ट्यूनिंगमध्ये असतात. मध्ये मध्ये एकच तार उतरवून ड्रॉप डी करा. स्थिर ब्रिजवर ते दहा सेकंदांचं काम आहे, आणि तिथे पॉवर कॉर्ड एका बोटाने वाजतो.

सामानात एक ते दीड मिलिमीटर जाडीचे चार-पाच पिक घ्या. पातळ पिक जलद डाउनपिकिंगमध्ये (फक्त खालच्या दिशेने छेडताना) वाकतो आणि तारेवर उशिरा परततो. तीन मीटरची केबल, पट्टा, ट्यूनर, तारांची दोन जादा पाकिटं, तार कापायची पकड एवढं पुरे. नवीन तारा लावल्या की प्रत्येक तार बोटांनी हळूच वर ओढून पुन्हा ट्यून करा, सूर उतरायचा थांबेपर्यंत. नाहीतर पहिले दोन दिवस तुम्ही खुंट्यांना दोष देत बसाल. डिस्टॉर्शनचं पेडल आत्ता घेऊ नका, मॉडेलिंग अ‍ॅम्पमध्ये तुमच्या गरजेपेक्षा जास्त आवाज आहेत. ते पैसे दुसऱ्या सेटअपसाठी बाजूला ठेवा. यादीतले बँड तुम्हाला ड्रॉप सी कडे ओढू लागले की तो लागेलच.